घरचे कॅमेरे संगणकावर आणि मोबाईलवर आणायचे कसे: बेळगाव-खानापूरकडच्या घरांसाठी

घरात चार कॅमेरे लागले, कॅमेरेवाल्यानं तुमच्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं, 'बघा, दिसतंय' म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. इथपर्यंत सगळ्यांचंच होतं. पुढचं मात्र कोणी सांगत नाही. चित्रण साठतं कुठं? कंपनीचं ॲप बंद पडलं तर काय? दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एका पडद्यावर कसे आणायचे? पोरगा पुण्यात नाहीतर गोव्यात, आईवडील गावात, तर त्याला गावचं अंगण सुरक्षितपणे कसं दिसेल? बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी या बाजूची घरं, इथली वीज आणि इथला पाऊस डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. पगारी तंत्रज्ञ नाही, पण आमच्या घरचं आणि भावकीतल्या बऱ्याच घरांचं हे काम मीच करतो.

एकच नियम पाळा. कॅमेरा, मग संगणकातला व्हीएलसी प्लेअर, मग सॉफ्टवेअर, मग घरातल्या वायफायवर मोबाईल, मग घराबाहेर मोबाईल. हा क्रम मोडायचा नाही आणि एक टप्पा चालल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. लोक थेट शेवटच्या टप्प्यावर उडी मारतात, मग चूक राऊटरमध्ये आहे, पासवर्डात आहे की कॅमेऱ्यात, हेच कळत नाही.

काय काय लागेल

- प्रत्येक कॅमेऱ्याचा, डीव्हीआरचा किंवा एनव्हीआरचा (म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याचा) युजरनेम आणि पासवर्ड. हा कॅमेरेवाल्याकडे असतो आणि तुमच्याकडे नसतो. पैसे देण्याआधी मागून घ्या.
- राऊटरचा पासवर्ड. बहुतेकदा राऊटरच्या खालच्या स्टिकरवर असतो.
- दिवसरात्र चालू ठेवता येईल असा संगणक, आणि चित्रणासाठी वेगळी हार्डडिस्क.
- तांब्याची लॅन केबल. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. लांब पल्ल्यावर तिच्यातून वीज नीट पोचत नाही आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू होत राहतो. केबलचं टोक चाकूनं खरवडून बघा. आतून पांढरं दिसलं तर परत करा.
- कॅमेऱ्यांची बिलं आणि खोक्यांवरचे सिरियल नंबर, एका जागी फोटो काढून ठेवलेले. वॉरंटीला लागतात, चोरी झाली तर फिर्यादीलाही लागतात.

नवीन कॅमेरे घ्यायचे असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. केंद्र सरकारनं सीसीटीव्हीसाठी सायबर सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत आणि तो नियम ९ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. दुकानदाराला 'हे मॉडेल नवीन नियमात पास आहे काय?' असं सरळ विचारा. जुना साठा स्वस्तात गळ्यात मारणारे भेटतात.

१. कॅमेरा कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

तीन जाती आहेत. पहिली, जाड कोॲक्स वायर आणि गोल बीएनसी टोक असलेले ॲनालॉग एचडी कॅमेरे. ते डीव्हीआरला जोडलेले असतात आणि एकटे नेटवर्कवर येत नाहीत, त्यामुळे तुम्हाला बोलायचंय ते डीव्हीआरशी. दुसरी, लॅन केबलवर चालणारे आयपी कॅमेरे. प्रत्येकाला स्वतःचा पत्ता असतो. तिसरी, बल्बसारखे किंवा बाहुलीसारखे दिसणारे वायफाय कॅमेरे.

पहिल्या दोन जाती संगणकाला जोडायला फारसा त्रास नाही. तिसरीत घोळ आहे. संगणकातल्या सॉफ्टवेअरला कॅमेऱ्याकडून चित्र मागायला आरटीएसपी नावाची पद्धत लागते, आणि पुष्कळसे स्वस्त वायफाय कॅमेरे ती देतच नाहीत. ते फक्त आपल्या कंपनीच्या ॲपशी बोलतात. शाओमीचे बहुतेक घरगुती कॅमेरे असेच आहेत. टीपी-लिंकच्या टॅपोमध्ये आरटीएसपी मिळतं, पण बॅटरीवर चालणाऱ्या मॉडेलांत नाही. खरेदीआधी खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर 'आरटीएसपी' किंवा 'ऑनव्हिफ' हे शब्द शोधा. ऑनव्हिफ म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी एकाच भाषेत बोलावं म्हणून ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेला करार. हे दोन्ही शब्द नसले तर कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी या कामाला तो निरुपयोगी.

वायफाय कॅमेऱ्याबाबत आणखी एक. बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, आणि खानापूर भागातल्या जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतींमागं वायफाय पार मरतं. सोप्यातला राऊटर परड्यातल्या कॅमेऱ्याला पोचेल या भरवशावर राहू नका. जिथं केबल नेता येते तिथं केबलच न्या, आणि माळ्यावरनं नेली तर पाइपातून न्या. उंदरांना ती फार आवडते.

२. प्रत्येक कॅमेऱ्याला कायमचा पत्ता द्या

राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता वाटतो, आणि करंट जाऊन आला की कधी कधी वाटप बदलतं. आज कॅमेऱ्याचा पत्ता शेवटी २० आहे, उद्या २३. मग सॉफ्टवेअरला कॅमेरा सापडत नाही. म्हणून राऊटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) जाऊन 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या मॅक ॲड्रेसला (यंत्राचा न बदलणारा ओळख क्रमांक) एक पत्ता नेमून द्या. कॅमेऱ्यात आत जाऊन पत्ता बसवण्यापेक्षा हे बरं, कारण सगळं एका ठिकाणी राहतं.

आता इथली हमखास अडचण. हिकव्हिजनचा कॅमेरा कारखान्यातून येतो तेव्हा त्याचा पत्ता १९२.१६८.१.६४ असतो आणि दाहुआचा १९२.१६८.१.१०८. जिओफायबरचा राऊटर मात्र १९२.१६८.२९.१ वर बसलेला असतो. तिसरा आकडा वेगळा म्हणजे दोघं एकमेकांना दिसतच नाहीत. हिकव्हिजनचं एसएडीपी आणि दाहुआचं कॉन्फिगटूल ही फुकट साधनं असा हरवलेला कॅमेरा केबलवर शोधून काढतात आणि त्याचा पत्ता बदलून देतात. त्यातच डीएचसीपी चालू करून टाका, म्हणजे राऊटर देईल तो पत्ता कॅमेरा घेईल. पुढं कधी इंटरनेट कंपनी बदललीत तर हाच प्रकार पुन्हा होईल, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा. (पत्ते मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे.)

३. व्हीएलसीत चित्र आणा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि सगळ्यात जास्त गाळली जाते तीही हीच. व्हीएलसी हा फुकटचा व्हिडिओ प्लेअर संगणकावर टाका, 'ओपन नेटवर्क स्ट्रीम' उघडा आणि कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता लिहा. पत्त्याची रचना अशी: आरटीएसपी, कोलन, दोन स्लॅश, युजरनेम, कोलन, पासवर्ड, ॲटचं चिन्ह, कॅमेऱ्याचा आयपी, कोलन, ५५४, स्लॅश, आणि मग कंपनीप्रमाणे वेगळं शेपूट. मधे कुठंही मोकळी जागा नको.

शेपटं अशी. हिकव्हिजनमध्ये स्ट्रीमिंग, स्लॅश, चॅनल्स, स्लॅश आणि मग आकडा. १०१ म्हणजे पहिल्या कॅमेऱ्याचं मोठं चित्र, १०२ म्हणजे त्याच कॅमेऱ्याचं लहान चित्र. डीव्हीआर असेल तर तिसऱ्या कॅमेऱ्याला ३०१ आणि ३०२. दाहुआत आणि सीपी प्लसच्या अनेक मॉडेलांत शेपटात चॅनलचा नंबर आणि 'सबटाइप' येतो: शून्य म्हणजे मोठं, एक म्हणजे लहान. टॅपोत सोपं आहे, शेवटी स्ट्रीम१ किंवा स्ट्रीम२. पूर्ण स्पेलिंग तुमच्या मॉडेलचा नंबर टाकून शोधलं की मिळतं.

मोठं आणि लहान चित्र, म्हणजे मेन स्ट्रीम आणि सब स्ट्रीम, हा फरक नीट डोक्यात बसवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोठं चित्र साठवायला, लहान चित्र बघायला.

चित्र आलं नाही तर या क्रमानं तपासा:

पासवर्डात ॲटचं चिन्ह किंवा हॅश आहे का? असेल तर पत्ता तिथंच तुटतो, कारण ॲट म्हणजे 'पासवर्ड संपला' असं व्हीएलसी समजतं. लांब, पण फक्त अक्षरं आणि आकडे असलेला पासवर्ड ठेवा.

टॅपो आहे का? टॅपोच्या ॲपचं खातं इथं चालत नाही. ॲपच्या प्रगत सेटिंगमध्ये 'कॅमेरा अकाउंट' नावाचं वेगळं खातं काढावं लागतं. ऑनव्हिफनं जोडायचं असेल तर टॅपोचं पोर्ट (यंत्राच्या दाराचा नंबर समजा) २०२०.

इझव्हिज आहे का? तिथं पासवर्ड म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाशी छापलेला पडताळणी कोड.

हिकव्हिजन ऑनव्हिफनं जोडताय का? नव्या फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) ऑनव्हिफ बंदच असतं. नेटवर्कच्या प्रगत सेटिंगमध्ये 'इंटिग्रेशन प्रोटोकॉल'मध्ये ते चालू करून ऑनव्हिफसाठी वेगळा युजर काढायचा.

आणि पासवर्ड बरोबर असूनही 'चुकीचा पासवर्ड' येत असेल, तर कॅमेऱ्याचं घड्याळ बघा. ऑनव्हिफ पासवर्डासोबत वेळही पाठवतं, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ चीनच्या वेळेवर किंवा १९७० सालात अडकलेलं असलं तर तो दार उघडत नाही. टाइम झोन ग्रिनिचच्या पुढं साडेपाच तास करा आणि एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवून घेणं) चालू करा. हे कोणी सांगत नाही, आणि लोक कॅमेरा खराब म्हणून परत करायला जातात.

प्रत्येक कॅमेऱ्याचं मोठं आणि लहान चित्र व्हीएलसीत दिसलं, की दोन्ही पत्ते वहीत उतरवा. वहीत म्हणजे खरोखरच कागदी वहीत.

४. संगणक कुठला घ्यावा, आणि करंटच्या बिलाचं काय

चार-सहा कॅमेऱ्यांना फार ताकद लागत नाही. इंटेलचा सहाव्या पिढीनंतरचा आय३ किंवा आय५, आठ जीबी रॅम, आणि विंडोज ठेवायला छोटी एसएसडी पुरते. प्रोसेसरमध्येच व्हिडिओ उलगडणारा भाग असतो, त्यावर काम ढकललं की संगणक थंड राहतो. जुन्या संगणकावर विंडोज १० असेल तर त्याची नेहमीची सुरक्षेची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत. दिवसरात्र नेटवर्कवर असणाऱ्या यंत्रासाठी हे बरं नव्हे. विंडोज ११ बसत नसेल तर लिनक्स टाका.

आता कर्नाटकातल्या घराचा खास हिशेब. जुना डेस्कटॉप सरासरी ६० वॅट खात असेल तर दिवसरात्र चालवून महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. गृहज्योती योजनेत तुमचं शून्य बिल २०२२-२३ मधल्या तुमच्या सरासरी वापरात थोडी वाढ धरून ठरवलेल्या युनिटांपर्यंतच आहे, आणि कमाल मर्यादा २०० युनिट. म्हणजे समजा सरासरी ९० आहे आणि हद्द ९९ ठरली आहे, तर ९९ पर्यंत शून्य. नेहमीच्या ९० मध्ये हे ४३ घातले की १३३ होतात आणि वरच्या ३४ युनिटांचे पैसे दरमहा भरावे लागतात. २०० ओलांडले तर सगळंच बिल भरायचं. म्हणून अडगळीतला डेस्कटॉप 'फुकट' आहे असं समजू नका. इंटेल एन१०० चिपचा छोटा मिनी पीसी साधारण १० वॅटवर भागवतो, म्हणजे महिन्याला सातेक युनिट. नवीन घ्यायचाच असेल तर मी तोच घ्या म्हणेन.

संगणकात तीन सेटिंग लगेच करा. स्लीप पूर्ण बंद. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी संगणकाची मूळ सेटिंग) 'वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो' हा पर्याय चालू. आणि कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून चालेल असं बघा, म्हणजे कोणी लॉगिन केलं नाही तरी चित्रण सुरू राहील.

५. सॉफ्टवेअर

कॅमेरे सगळे एकाच कंपनीचे असतील आणि फक्त मोठ्या पडद्यावर बघायचं असेल, तर कंपनीचंच फुकट सॉफ्टवेअर पुरतं. हिकव्हिजनचं आयव्हीएमएस-४२००, दाहुआचं स्मार्ट पीएसएस.

वेगवेगळ्या कंपन्या असतील तर एजंट डीव्हीआरपासून सुरुवात करा. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं, ब्राउझरमध्ये ८०९० पोर्टवर उघडतं, आणि घरातल्या घरात घरगुती वापराला फुकट आहे. त्यांच्या सर्व्हरमार्फत बाहेरून बघायचं असेल तर वर्गणी लागते, पण त्याला आपण नवव्या पायरीत वेगळा रस्ता काढणार आहोत. ब्लू आयरिस विकतचं आणि फक्त विंडोजचं, पण पक्कं. त्याचं वेब पान ८१ पोर्टवर उघडतं. लिनक्स आणि डॉकरची सवय असेल तर फ्रिगेट: खुलं, फुकट, आणि माणूस, गाडी, कुत्रं वेगळं ओळखतं. पहिल्यांदाच करत असाल तर फ्रिगेटच्या वाटेला जाऊ नका. सेटिंग फाईलमध्ये एक मोकळी जागा चुकली तरी ते सुरू होत नाही.

कॅमेरा जोडताना वहीतला मोठ्या चित्राचा पत्ता रेकॉर्डिंगच्या जागी आणि लहान चित्राचा थेट बघण्याच्या जागी घाला. रेकॉर्डिंगमध्ये चित्र पुन्हा एन्कोड न करता आहे तसं डिस्कवर उतरवायचा पर्याय निवडा (एजंटमध्ये 'रॉ', ब्लू आयरिसमध्ये 'डायरेक्ट टू डिस्क'). हे केलं नाही तर संगणकाचा पंखा विमानासारखा वाजायला लागतो.

कॅमेऱ्याच्या आतल्या सेटिंगमध्येही थोडं करायचंय. एच.२६४, एच.२६५ या चित्र आवळून लहान करायच्या पद्धती. एच.२६५ प्लस किंवा स्मार्ट कोडेक अशा नावाचं जे काही असेल ते बंद करा. कंपनीच्या स्वतःच्या डीव्हीआरवर ते छान चालतं, बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र अडखळतं. साधं एच.२६५ साठवायला चालेल, पण लहान चित्र एच.२६४ च ठेवा, काही ब्राउझरांत एच.२६५ उमटतच नाही. आय-फ्रेमचं (पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमचं) अंतर सेकंदाच्या फ्रेमच्या संख्येइतकं ठेवा: १५ फ्रेम असतील तर १५. नाहीतर हालचाल सुरू झाल्यानंतर चित्रण सुरू व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात माणूस गेटातून आत येऊन गेलेला असतो.

कॅमेऱ्यांना नावं द्या, आणि ती चित्रावर उमटू द्या. 'कॅमेरा १' कोणाला कळत नाही. गेट, सोपा, परडं, गोठा अशी नावं रोमन लिपीत टाका. कॅमेऱ्यांत देवनागरी सहसा उमटत नाही, आणि रोमन पुण्यातल्या लेकालाही वाचता येतं, ठाण्यातल्या कन्नड हवालदारालाही.

६. साठवण

हिशेब सोपा. कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट पाठवत असेल तर दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेरे म्हणजे रोज सुमारे ८६ जीबी, म्हणजे २ टीबीच्या डिस्कवर तीन आठवडे. कॅमेऱ्यात ४ मेगाबिट ठेवलं तर निम्मेच दिवस. अंगणाला २ पुरतात. गेटावर गाडीचा नंबर दिसायला हवा असेल तर तिथं जास्त ठेवा.

डिस्क पाळतीसाठीचीच घ्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. साध्या डिस्का चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेल्या नसतात. सॉफ्टवेअरमध्ये 'जागा संपली की सर्वांत जुनं पुसा' हे चालू आहे ना, ते बघा. आणि संगणक सोप्यात टीव्हीखाली ठेवू नका. चोर आला तर पहिल्यांदा तोच नेतो. माळ्यावर किंवा कुलुपाच्या खोलीत ठेवा, आणि गेटाच्या कॅमेऱ्यात एक एसडी कार्डही असू द्या.

मंगल कार्यालय, खाणावळ किंवा मोठं दुकान असेल तर हा घरगुती मामला राहत नाही. कर्नाटकचा २०१७ चा सार्वजनिक सुरक्षा कायदा गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे आणि ३० दिवसांचं चित्रण सक्तीचं करतो. तिथं डिस्क त्या हिशेबानंच घ्या.

७. हालचालीच्या सूचना

सुरुवातीला सूचना बंदच ठेवा, फक्त चित्रण चालू द्या. नाहीतर पहिल्याच रात्री इन्फ्रारेड दिव्याला जमणारे किडे, कोळ्याचं जाळं आणि नारळाची झावळी तुम्हाला झोपू देणार नाहीत. आठवडाभरानं चित्राचा फक्त फाटक आणि पायवाट एवढाच भाग निवडून सूचना सुरू करा. झाड, रस्ता आणि आकाश वगळा. वडगाव-शहापुरात माग चालतात अशा गल्लीत आवाजावरची सूचना तर विसराच. गणपतीत लुकलुकणाऱ्या माळा कॅमेऱ्यासमोर टांगणार असाल तर तेवढे दिवस त्या कॅमेऱ्याच्या सूचना बंद.

गल्लीत घरं समोरासमोर असतात. समोरच्या काकूंचं दार किंवा न्हाणीची खिडकी चित्रात येत असेल तर कॅमेरा वळवा, वळत नसेल तर 'प्रायव्हसी मास्क'नं तेवढा भाग काळा करा. भांडणापेक्षा हे सोपं, आणि कायद्यानंही बरं.

८. घरातल्या वायफायवर मोबाईल

मोबाईल घरच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये संगणकाचा आयपी, कोलन आणि पोर्ट टाका. एजंट डीव्हीआर असेल तर ८०९०. पान उघडलं नाही तर बहुतेकदा विंडोजची फायरवॉल आडवी येते. त्या सॉफ्टवेअरला 'प्रायव्हेट नेटवर्क'वर परवानगी द्या. मोबाईल 'गेस्ट' वायफायवर नाही ना, तेही बघा.

९. घराबाहेरून बघणं

इथं सगळ्यात मोठा धोका आहे, म्हणून सावकाश वाचा.

कॅमेरेवाले आणि यूट्यूबवाले 'पोर्ट फॉरवर्डिंग' सांगतात: राऊटरमध्ये एक भोक पाडायचं आणि त्यातून बाहेरच्या कोणालाही थेट कॅमेऱ्याच्या दारात येऊ द्यायचं. 'पासवर्ड आहे की' म्हणतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं कारखान्यातले पासवर्ड न बदललेले असेच कॅमेरे आणि डीव्हीआर जगभरातून गोळा केले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला करून मोठमोठ्या संकेतस्थळांना तासन्‌तास बंद पाडलं. पासवर्ड बदलला तरी पुरत नाही. २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक मॉडेलांत पासवर्डाशिवायच आत शिरता येईल अशी फट सापडली होती. फर्मवेअर वेळच्या वेळी बदला, आणि भोक पाडूच नका.

शिवाय पुष्कळ घरांत ते भोक चालतही नाही. बऱ्याच ब्रॉडबँड आणि बहुतेक सिमकार्डाच्या राऊटरांत एक सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला असतो. राऊटरच्या पानावर 'वॅन आयपी' (राऊटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगवर घालवलेला वेळ वाया.

बरा रस्ता म्हणजे खाजगी जाळं. टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर वायरगार्ड या तंत्रावर चालतं आणि घरगुती वापराला त्याची फुकट योजना आहे.

अ) संगणकावर टेलस्केल टाका, गुगल खात्यानं लॉगिन करा. त्या गुगल खात्याला दुहेरी पडताळणी लावा, कारण आता ते तुमच्या घराची किल्ली आहे.

आ) मोबाईलवर तेच ॲप, तेच खातं. मुलाला किंवा भावाला द्यायचं असेल तर त्याला स्वतंत्र निमंत्रण पाठवा. आपलं खातं, पासवर्ड देऊ नका.

इ) टेलस्केलच्या यादीत संगणकासमोर १०० पासून सुरू होणारा एक पत्ता दिसेल. आठव्या पायरीत घरचा आयपी टाकला होता, तिथं हा पत्ता टाका. पोर्ट तेच.

ई) टेलस्केलच्या पानावर संगणकाची किल्ली कालबाह्य होण्याचा पर्याय बंद करा. नाहीतर काही महिन्यांनी अचानक चित्र बंद होतं, आणि गावात पुन्हा लॉगिन करून द्यायला कोणी नसतं.

तपासायला मोबाईलचं वायफाय बंद करा आणि मोबाईल डेटावर बघा. वायफाय चालू ठेवून 'बाहेरून दिसतंय' म्हणणारे खूप जण असतात. डेटाचा हिशेब: लहान चित्र ५१२ किलोबिटचं असेल तर तासाला २३० एमबी, मोठं ४ मेगाबिटचं असेल तर तासाला १.८ जीबी. मोबाईलवर लहानच बघा.

म्हातारी माणसं असतील तर त्यांच्या मोबाईलवर कंपनीचंच साधं ॲप राहू द्या, हिक-कनेक्ट किंवा डीएमएसएस. ते कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतं, सोपं असतं. ज्यांना कंपनीच्या सर्व्हरवर विश्वास नाही ते राऊटरमधून कॅमेऱ्यांचं इंटरनेट तोडतात. मग हे ॲप घराबाहेर बंद होतं, आणि कॅमेऱ्याचं घड्याळही हळूहळू सरकतं. घरातल्याच संगणकाला एनटीपी सर्व्हर केलं तर तोही प्रश्न मिटतो.

१०. करंट, वीज आणि पाऊस

करंट गेला की घरचा इन्व्हर्टर पंखे, दिवे सांभाळतो, पण बदलाच्या त्या क्षणात राऊटर आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतात. बऱ्याच इन्व्हर्टरांवर 'यूपीएस' मोडचं बटण असतं. ते तिकडे करा. राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर उत्तम.

एप्रिल-मेच्या वळवात वीज कडाडते तेव्हा अंगणातून गोठ्यापर्यंत गेलेली लॅन केबल धक्का ओढून आत आणते. कॅमेराच नव्हे, स्विच आणि संगणकही जातो. लॅन केबलची मर्यादा तशीही १०० मीटर. दोन वेगळ्या इमारतींत फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा. फायबरमधून वीज वाहत नाही. घराचं अर्थिंग तपासून घ्या.

कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस आडवा येतो. आयपी६६ किंवा आयपी६७ लिहिलेला कॅमेरा टिकतो, पण त्याच्या शेपटाचा जोड टिकत नाही. जोड डब्यात बंद करा आणि केबल आत शिरण्याआधी खाली लोंबती ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल.

११. चित्रण पोलिसांना द्यायची वेळ आली तर

तातडीला ११२. चित्रण मात्र लगेच वेगळं काढा, कारण डिस्क फिरून जुनं पुसत राहते. घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट करा. मोबाईलनं पडद्याचं शूटिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवलेलं पुरावा म्हणून पुरत नाही. मूळ डिस्क पुसू नका, कोणाला देऊन टाकू नका. पोलिसांनी मागितली तर पोचपावती घ्या.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं, म्हणजे तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाईलची हॅश किंमत (फाईलच्या बोटाचा ठसा समजा, फाईल बदलली की हीही बदलते) लिहावी लागते. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाईलवर राईट क्लिक करून एसएचए-२५६ प्रकारची हॅश काढता येते. ती लांबलचक ओळ काढलेल्या वेळेसकट जपून ठेवा. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि खरी वेळ यांत फरक असेल तर तो किती आहे, हे फिर्यादीतच नोंदवायला सांगा. फिर्याद बहुतेकदा कन्नडमध्ये टाइप होते. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगा, आणि कॅमेऱ्यांची नावं व वेळा तुमच्या वहीशी ताडून बघा.